गावाकडच्या बोर्डिंगमध्ये कुत्रा किंवा मांजर ठेवताना

दिवाळीत किंवा मे महिन्याच्या सुटीत परगावी जाणारी पुण्या-मुंबईकडची कुटुंबे आपला कुत्रा शहराबाहेरच्या एखाद्या शेतावरील बोर्डिंगमध्ये ठेवतात, तेव्हा बहुतेकांना भुरळ पडते ती छायाचित्रांतल्या मोकळ्या रानाची. हे रान दिवसा उपकारक असते, आणि दिवाळीत फटाक्यांचा आवाज तिथे कमी पोहोचतो हा फायदाही खरा आहे. मात्र जागेची पारख करायची ती रात्रीच्या व्यवस्थेवरून. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्या उसाच्या शेतात राहतो आणि कुत्रा हे त्याचे नेहमीचे भक्ष्य आहे, त्यामुळे अशा भागात नुसते तारेचे कुंपण पुरेसे नसते. अंधार पडण्यापूर्वी प्राण्यांना छत असलेल्या, मजबूत जाळीच्या आणि कडी लागणाऱ्या खोलीत घेतले जाते का, आणि रात्री तिथे माणूस मुक्कामाला असतो का, हे आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

त्याच भेटीत खोल्यांचे छत पाहावे, कारण पत्र्याखाली एप्रिल-मेच्या दुपारी होणारी काहिली पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकते आणि वीज गेली की पंख्याचाही आधार उरत नाही. धान्य व खाद्य झाकून ठेवलेले नसेल तर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून कोठीची खोली दाखवायला टाळाटाळ करणारी जागा मी तरी नाकारीन.

लसीकरण आयत्या वेळी उरकण्याची गोष्ट नाही. लसीनंतर प्रतिकारशक्ती तयार होण्यास साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे रेबीज, तसेच डिस्टेंपर, पार्व्हो (हे दोन्ही कुत्र्यांचे विषाणूजन्य आजार) व लेप्टोस्पायरोसिस यांच्या लसींची मुदत महिनाभर आधी तपासावी आणि केनेल कफ या कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याच्या लसीबद्दल पशुवैद्यांना विचारावे. गोचीड प्रतिबंधक औषधही जाण्यापूर्वी द्यावे. बोर्डिंगचा जो चालक लसीकरणाचे कार्ड न पाहता तुमचा कुत्रा ठेवून घेतो, त्याने इतरांचेही कार्ड पाहिलेले नसणार, हे उघड आहे. नसबंदी न झालेली कुत्री त्या काळात माजावर येण्याची शक्यता असेल, तर ते स्पष्ट सांगून स्वतंत्र खोली मागावी.

मांजराचा प्रश्न वेगळा आहे. कुत्र्याला सोबत आणि धावपळ मिळाली की तो बहुधा रुळतो; मांजराला मात्र परकी जागा आणि सततचे भुंकणे या दोन्हींचा ताण होतो, आणि ते अन्न सोडते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साचून गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून मांजरांची खोली कुत्र्यांपासून दूर, दुहेरी दाराची आणि लपायला खोके किंवा उंच फळी असलेली हवी. घरचे लिटर (मांजराच्या शौचपात्रातली वाळू) व न धुतलेली चादर सोबत द्यावी आणि एक दिवस काही खाल्ले नाही तरी फोन करण्यास सांगावे. अशी सोय नसेल, तर शेजाऱ्याकडे किल्ली देऊन मांजराला घरीच ठेवणे अधिक शहाणपणाचे.

खाद्य अचानक बदलल्यास जुलाब होतात, तेव्हा नेहमीचेच खाद्य दोन दिवसांचे जास्त मोजून द्यावे. आपल्या पशुवैद्यांचा क्रमांक, चालू औषधांच्या वेळा आणि आपण संपर्कात नसल्यास उपचारांची व खर्चाची परवानगी हे सारे लिहून सही करून द्यावे. सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन किती अंतरावर मिळते, हेही चालकाला विचारून घ्यावे. शक्य असल्यास लांबच्या मुक्कामाआधी एक रात्र ठेवून पाहावे.

परत आणल्यावर कानांच्या आत, पायांच्या बोटांमध्ये आणि मानेखाली गोचीड तपासावेत. गोचीडतापाची लक्षणे एक ते तीन आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून या काळात ताप, सुस्ती, हिरड्यांचा फिकेपणा किंवा केनेल कफसारखा कोरडा खोकला आढळल्यास प्राणी बोर्डिंगमध्ये राहून आल्याचे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.