जोड इंजिनांची उंची लावताना या चुका टाळा

पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जायला लागल्या की मालवण-देवबागच्या पट्ट्यात इंजिनं चढवायची एकच घाई उडते. बोल्ट आवळले, स्टीअरिंग जोडलं, पेट्रोल भरलं की निघाली होडी. इंजिन किती उंचीवर बसलंय, हे मोजून बघायला कुणाला वेळ नसतो. एका इंजिनाच्या होडीत हे एकवेळ खपून जातं. दोन आउटबोर्डच्या, म्हणजे मागे बाहेरून लावलेल्या इंजिनांच्या, वेगवान होडीत मात्र त्याचा भुर्दंड पेट्रोलमध्ये पडतो, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनच जाम होतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे माप पठाणापासून, म्हणजे तळाच्या मधल्या कण्यापासून घेणं. पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या, वर जी आडवी प्लेट असते (आपण सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो, पण तिचं काम वरची हवा पंख्यात शिरू न देणं हे आहे), ती पठाणाच्या रेषेत आणायची, असं एका इंजिनासाठी शिकलेलो असतो. तेच दोन इंजिनांना लावलं की गणित चुकतं. समजा, दोन इंजिनांमध्ये २८ इंचांचं अंतर आहे. म्हणजे प्रत्येक इंजिन मध्यापासून १४ इंच बाजूला. व्ही आकाराच्या तळाचा मध्यापासून कडेकडे चढ २० अंश असेल, तर त्या जागी तळ पठाणापेक्षा साधारण ५ इंच वर असतो. पठाणाच्या मापाने बसवलेलं इंजिन तिथे ५ इंच जास्त बुडलं. मग मागे पाण्याचे फवारे उडतात, स्टीअरिंग जड लागतं, वेग धरत नाही, आणि लोक म्हणतात, इंजिनात दम राहिला नाही.

म्हणून माप त्या त्या इंजिनाच्या समोरच्या तळापासूनच घ्या. होडी ट्रेलरवर असताना सहा-सात फुटांची सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी इंजिनाच्या रेषेत तळाला खालून दाबून धरा आणि तिचं टोक मागे प्लेटपर्यंत जाऊ द्या. तळावर लांबीने उठलेल्या पट्ट्या असतात, त्यांच्यावर ती टेकू देऊ नका, नाहीतर माप खोटं येईल. इंजिन ट्रिम करून, म्हणजे पुढे-मागे कलवून, प्लेट पट्टीला समांतर आणा, मगच टेप लावा. होडी आडवी कलली नाही ना, हे आधी पाणसळ लावून बघा. वाळूवर ट्रेलरचं एक चाक हमखास रुततं.

सुरुवातीला प्लेट पट्टीच्या पातळीत किंवा पाऊण-एक इंच वर ठेवा. इंजिन ब्रॅकेटवर मागे सरकवलेलं असेल, तर दर १२ इंचांमागे साधारण इंचभर वर न्यावं लागतं, कारण ट्रान्समच्या (होडीच्या मागच्या उभ्या भिंतीच्या) मागे पाणी पुन्हा वर चढतं.

दुसरी चूक रिकाम्या होडीवर चाचणी घेण्याची, आणि ती मीच केली होती. सकाळच्या सपाट पाण्यात, मी आणि एक खलाशी, अर्धी टाकी. दोन्ही इंजिनं बोल्टच्या दोन-दोन भोकांएवढी वर घेतली आणि वेग वाढला म्हणून खूश झालो. दुपारी माणसं भरून निघालो तेव्हा वारं उठलं होतं. डावीकडे वळताना होडी आत कलली, बाहेरचं इंजिन उचललं गेलं आणि आरपीएमचा काटा एकदम उसळला. मागे बसलेले एक जुने तांडेल ओरडले, "अरे, उजवो पंखो हवा खाता हा!" त्यांनी आवाजावरून ओळखलं होतं. वळताना बाहेरचा पंखा पाणी सोडतो, हे जोड इंजिनाचं खास दुखणं. त्यामुळे चाचणी नेहमीच्या वजनावर, वळणं घेऊन आणि थोड्या लाटेत करा. खाडीत छान चालणारी उंची बाहेर समुद्रात एक भोक खालीच हवी असते.

एका वेळी एकच भोक हलवा. बहुतेक इंजिनांवर दोन भोकांत पाऊण इंच, म्हणजे सहा सूत अंतर असतं आणि तेवढ्यानेही स्वभाव बदलतो. दोन्ही इंजिनं एकाच उंचीवर हवीत. एकच वर घेतलं तर दोन्ही इंजिनं जोडणारा मधला टायबार तिरका होतो आणि होडी एका बाजूला ओढते.

आता ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते. इंजिन वर गेलं की थंड पाणी ओढून घेणारी जाळी पृष्ठभागाच्या जवळ येते, फेसाळ पाणी आत जातं आणि पाण्याचा दाब पडतो. इंजिनाच्या बाजूने बाहेर पडणारी पाण्याची धार चालू आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दाब कमी झाला तरी ती वाहत राहू शकते. दोन्ही इंजिनांना पाण्याच्या दाबाचे मीटर लावून घ्या आणि पूर्ण थ्रॉटलवरचा आकडा इंजिनाच्या पुस्तकाशी ताडून बघा. तो तिथल्या किमान आकड्याखाली गेला, की वेग कितीही वाढलेला असो, इंजिन एक भोक खाली घ्या.

होडी पूर्ण प्लेन झाल्यावर, म्हणजे वेगाने पाण्यावर उचलून धावायला लागल्यावर, दुसऱ्या माणसाला मागे बसून प्लेट बघायला सांगा, चालवणाऱ्याने मान वळवू नये. प्लेटवरून पाणी जेमतेम सरकताना दिसलं तर ठीक. ती फेसात गाडलेली असेल तर इंजिन अजून खाली आहे.

आणि बोल्ट सोडण्याआधी इंजिन चेनकप्पीवर घ्या. २०० अश्वशक्तीचं फोरस्ट्रोक सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतं, ते दोघांनी खांद्यावर तोलायचं काम नाही. बोल्ट परत घालताना प्रत्येक भोकात मरीन सीलंट भरा. ट्रान्समच्या आत प्लायवुड असेल तर खारं पाणी तिथूनच झिरपतं, आणि बोट दाबल्यावर लाकूड मऊ लागेपर्यंत बाहेरून काही कळत नाही.