भिंतीवरचा बंब बसवून घेताना

सासूबाई पहिल्यांदा लीड्सला आल्या तेव्हा स्वयंपाकघरातलं कपाट उघडून म्हणाल्या, "अगं, हा बंब का तुमचा?" बंबच की. साताऱ्याला परसात तांब्याचा होता, त्यात चिपाडं आणि गोवऱ्या जायच्या. इथला पांढऱ्या पत्र्याचा, भिंतीवर टांगलेला, गॅसवर चालणारा. आंघोळीचं पाणी तापवतो आणि घरातले रेडिएटरही. आमचा जुना बॉयलर ऐन जानेवारीत बंद पडला आणि घाईघाईत नवा बसवला. तेव्हा जे कळलं नाही, ते नुकतंच इकडे घर घेतलेल्यांसाठी लिहितेय.

गॅसच्या जोडणीला स्वतः हात लावायचा नाही. पैसे घेऊन हे काम करणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवर असलाच पाहिजे, असा ब्रिटनमध्ये कायदा आहे. (२००९ च्या आधी 'कॉर्गी' होतं, शेजारचे आजोबा अजून तेच म्हणतात.) दारात आला की कार्ड मागा, भिडस्तपणा नको. फोटो आणि मुदत बघून झाली की कार्ड उलटा करा. कुठल्या उपकरणांचं काम त्याला करता येतं ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. शेगडी जोडणाऱ्याला बॉयलरचं चालतंच असं नाही.

तो यायच्या आधी तुम्ही करायचं काम एकच, आणि ते आम्ही केलं नाही. बादली घ्या. स्वयंपाकघरातला थंड पाण्याचा नळ पूर्ण सोडा, मोबाइलवर एक मिनिट लावा, पाणी मोजा. आमच्याकडे ११ लिटर भरलं, पण हे मोजलं कधी, तर बॉयलर बसल्यावर. टाकी नसलेला, जागच्या जागी पाणी तापवणारा बॉयलर म्हणजे कॉम्बी. २४ किलोवॉटचा कॉम्बी पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला साधारण १० लिटर देतो, ३० किलोवॉटचा १२. आम्हाला मात्र ३५ किलोवॉटचा गळ्यात मारला, "मोठं कुटुंब आहे तुमचं" म्हणून. आडातच ११ लिटर, तर पोहऱ्यात १४ कुठून येणार?

रेडिएटरांना तर त्याहून किती तरी कमी लागतं. आमच्या तीन बेडरूमच्या, १९३० च्या दशकातल्या घराला कडाक्याच्या थंडीतही आठेक किलोवॉट पुरतात. गरजेपेक्षा मोठा बॉयलर सारखा पेटतो, विझतो, पेटतो. निदान रेडिएटरांपुरती ताकद कमी करून द्या, असं बसवणाऱ्याला सांगा. बऱ्याच मॉडेलांमध्ये ती सोय असते.

दोन बाथरूम असतील आणि सकाळी दोन्हीकडे एकदमच शॉवर चालणार असतील, तर कॉम्बीच्या नादी न लागता गरम पाण्याची टाकी ठेवा. आमची टाकी काढली. नरकचतुर्दशीला सात माणसं एकामागून एक न्हाली तरी पाणी संपत नाही, हे खरं. पण टाकीच्या कपाटात रात्री विरजण ठेवलं की सकाळी दह्याची कवडी पडायची, ते सुख गेलं. याचा हिशेब कुणीच कोटेशनमध्ये धरत नाही.

पुण्या-नाशकाकडे बाथरूममध्ये लावतात त्या गॅस गिझरसारखा हा खोलीतली हवा घेत नाही. भिंतीतून बाहेर जाणारा फ्लू दुहेरी असतो, आतल्या नळीतून धूर बाहेर जातो आणि बाहेरच्या नळीतून हवा आत येते. फ्लूचं तोंड उघडणाऱ्या खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर दूर हवं. हिवाळ्यात त्यातून पांढरी वाफ निघते. ती शेजाऱ्यांच्या दारावर जाणार असेल तर आधीच त्यांच्याशी बोलून घ्या. शिवाय खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

आता आमचं खरं दुखणं. आजचे बॉयलर धुरातली वाफही थंड करून तिची उष्णता वापरतात, त्यामुळे आंबटसर पाणी ठिबकत राहतं. ते एका प्लास्टिकच्या पाइपातून गटारात जातं. हा पाइप शक्यतो घरातल्या घरातच, सिंकच्या निचऱ्याला जोडून घ्यावा. आमच्या माणसानं सोपं म्हणून बोटभर जाडीचा पाइप भिंतीबाहेर काढला, उघडाच. पहिल्याच कडक थंडीत पहाटे बॉयलरमधून हुक्का ओढल्यासारखा गुडगुड आवाज, आणि मग सगळं बंद. पाइपात बर्फ. नवरा अंगावर दोन स्वेटर चढवून, किटलीतलं कोमट पाणी तांब्यानं पाइपावर ओततोय, हे दृश्य शेजाऱ्यांनी पाहिलं. (उकळतं ओतू नका, पाइप तडकतो.) पाइप बाहेरून न्यावाच लागला तर ३२ मिलिमीटरचा, उतार दिलेला आणि वरून जाड आवरण घातलेला हवा. हे कोटेशनमध्येच लिहून घ्या.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी हव्यात: जुने रेडिएटर धुणं आणि चुंबकाचा फिल्टर. आमचे धुतले तेव्हा बादलीत शाईसारखं काळं पाणी आलं. आतून गंजलेल्या लोखंडाचा गाळ तो. तो नव्या बॉयलरमध्ये गेला तर वॉरंटीवाले हात वर करतात. धुऊन झाल्यावर पाण्यात गंजरोधक रसायन घालतात, ते घातलंय ना हे विचारा. गॅसचा पाइप १५ मिलिमीटरचा असेल तर कदाचित २२ चा टाकावा लागेल. तो खर्च धरलाय का, हेही.

काम संपल्यावर माणसाला चहा द्या आणि तेवढ्यात शिकून घ्या. थंड असताना प्रेशर १ ते १.५ बार हवं. कमी झालं तर कुठला नळ उघडायचा, हे त्याच्यासमोर एकदा स्वतः करून बघा, आणि नळ परत बंद करा. आम्ही एकदा विसरलो, काटा ३ वर गेला आणि बाहेरच्या तांब्याच्या नळीतून पाणी उडालं. रेडिएटरांचं पाणी बहुधा ७०-८० अंशांवर लावून जातात. कॉम्बी असेल तर ते ५५-६० वर आणा. घर सावकाश तापतं, पण वाफेतली उष्णता हाती लागते आणि गॅस वाचतो. नळाच्या पाण्याला ५० पुरे. टाकी असेल तर मात्र तिच्यातलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलंच पाहिजे, नाहीतर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

माहितीपुस्तिकेत शेवटी बेंचमार्क नावाचा तक्ता असतो. तो भरून, सही करून घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र नंतर पोस्टानं येतं. ते जपून ठेवा, घर विकताना वकील मागतो. आणि मीटरपाशी ०८०० १११ ९९९ हा नंबर चिकटवा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता मीटरजवळची दांडी पाइपाला आडवी करायची, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर जाऊन फोन करायचा.