चिखलदऱ्याची सहल आणि मधल्या दिवशी मॅरेथॉन: कसं जमवायचं?

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमीन इतकी सपाट की कपाशीच्या धुऱ्यावर उभं राहिलं तर पुढच्या गावच्या देवळाचा कळस दिसतो. आभाळ निवळलं की उत्तरेला एक निळी रेघ उमटते, तो गाविलगडचा डोंगर. चढ म्हणून आमच्याकडे एवढाच, तोही लांबून बघायचा. अशा गावात राहून मी दोन वर्षांपूर्वी घाटातली पूर्ण मॅरेथॉन पळाले. तीही नवरा, दोन लेकरं आणि सासूबाईंसोबतच्या सहलीत. त्यात काय चुकलं आणि आता पुन्हा करायचं झालं तर कसं करीन, ते क्रमाने सांगते.

१. नाव नोंदवायच्या आधी घरी बोला

फी भरून झाल्यावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, कळवणं. मी तेच केलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "लोकं सुट्टीत निजतात, अन् तू पयतं काहून वं?" प्रश्न बरोबरच होता.

बोलताना मोघम राहू नका. कोणत्या दिवशी पहाटे किती वाजता निघणार, किती वाजेपर्यंत परत येणार, तोवर लेकरांच्या नाश्त्याचं कोण बघणार, हे सगळं आधी ठरवा. बायकांना हे जास्त लागू पडतं. पुरुष पळायला गेला तर घर आपोआप चालतं, बाई गेली तर आधी पोहे भिजवून जावं लागतं, असं आपल्याकडे गृहीत असतं. मी नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं, "त्या दिवशी दुपारपर्यंत मी घरात नाहीच असं समजा." त्यांनी समजून घेतलं.

सहल किमान तीन रात्रींची ठेवा आणि स्पर्धा मधे येऊ द्या. स्पर्धा शेवटच्या दिवशी आली की आधीचे सगळे दिवस आपण "पाय दुखतील, नको" म्हणत काढतो आणि घरचे वैतागतात. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पळून मोकळं व्हावं, मग उरलेली सुट्टी खरी सुट्टी. पण त्यासाठी पळून झाल्यावरही पायांत काहीतरी उरलं पाहिजे. पुढचं बरंचसं त्याबद्दलच आहे.

२. खोली तळमजल्यावरची घ्या

पावसाळ्यातले शनिवार-रविवार आणि डिसेंबरचा शेवट, या काळात चिखलदरा गच्च भरतं. बुकिंग लवकर करा आणि तळमजला मागून घ्या. का, ते शेवटी कळेल.

३. अंतर नाही, चढ मोजा

पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची आणि अर्धी २१.०९७५ ची, हे सगळीकडे सारखंच. घाटात फरक पडतो तो एकूण चढाईने. आयोजकांकडून मार्गाचा चढ-उताराचा आलेख मागून घ्या. तो नसेल तर मोबाइलमधल्या नकाशावर मार्ग आखून स्वतः काढा.

मग एक जुना हिशोब लावा. १८९२ मध्ये विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी नियम मांडला: तासाला ३ मैल, आणि दर २००० फूट चढाईला वरून १ तास. गणित केलं तर १ मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे जवळपास ८ मीटर. डोंगरात पळणारेही हाच आडाखा वापरतात. समजा मार्गावर एकूण ८०० मीटर चढ आहे, तर अंतरात ६.४ किलोमीटर वाढले असं धरा. मी सपाटीवर किलोमीटरला ७ मिनिटं घेते, म्हणजे माझी ४ तास ५५ मिनिटांची मॅरेथॉन ५ तास ४० मिनिटांवर गेली. स्पर्धेची वेळमर्यादा या आकड्याशी ताडून बघा. अगदी काठावर येत असेल तर मुकाट्याने अर्धी पळा. त्यात कमीपणा नाही, शिवाय घरचे दोन तास कमी ताटकळतात.

मला प्रत्यक्षात ५ तास ५२ मिनिटं लागली. ती वरची बारा मिनिटं उतारावर गेली.

४. एकदा डॉक्टरला दाखवा, आणि सिकलसेलची तपासणी करून घ्या

रक्तदाब, साखर, छातीत दुखणं, घरात कुणाला तरुणपणी हृदयविकार झाला असेल तर ते, हे नेहमीचं विचारतीलच. विदर्भातल्या माणसाने त्यात एक भर घालावी. आपल्याकडे अनेक समाजांत सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण बरंच आहे. आजार नसलेला पण वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. मात्र अंगात पाणी कमी, ऊन आणि एकदम जोराचे श्रम हे सगळं एकत्र आलं तर क्वचित वाहकालाही गंभीर त्रास होऊ शकतो. तपासणी साधी रक्ताची असते, सरकारी दवाखान्यात होते. वाहक निघालात म्हणून पळणं सोडायची गरज नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने सराव हळूहळू वाढवा, पाण्याची आबाळ करू नका आणि चढावर ईर्ष्येने धावू नका.

५. सपाटीवर डोंगर शोधा

आठवड्यातून तीन-चार दिवस पळायची सवय आधीपासून असेल तर सोळा आठवडे पुरतात. रविवारचं लांब पळणं हळूहळू ३० किलोमीटरपर्यंत न्या. हे कुठलाही मॅरेथॉन पळणारा सांगेल. आपली अडचण वेगळी आहे, चढ आणायचा कुठून?

रेल्वेवरचा उड्डाणपूल, धरणाची भिंत, टेकडीवरच्या देवस्थानाच्या पायऱ्या. मी उड्डाणपुलावर पहाटे दहा-दहा फेऱ्या मारायचे. दूधवाला रोज विचारायचा, "मॅडम, काही हरवलं काय?" चढाची ताकद अशाने येते. चढाने दम लागतो, छाती फुलते, पण थांबलं की दोन मिनिटांत माणूस जाग्यावर येतो.

पाय खाऊन टाकतो तो उतार. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच दर पावलाला अंगाचं वजन झेलतो. विहिरीतून बादली ओढताना दंड थकतात, पण भरलेली बादली हळूहळू खाली सोडून बघा, दोर तळहात सोलून काढतो. उतारावर मांडीचं तसंच होतं. तंतूंना बारीक इजा होते, ती पळताना फारशी जाणवत नाही. पुढच्या एक-दोन दिवसांत सणकून जाणवते, म्हणजे नेमकी सुट्टी सुरू झाल्यावर.

चांगली गोष्ट अशी की स्नायू एकदाच्या माराने शहाणा होतो. एकदा उतारावर नीट पळून पाय दुखवून घेतले, की पुढचे काही आठवडे तसाच उतार त्याला बराच कमी दुखवतो. म्हणून मुद्दाम उतारावर पळायचा सराव करा, दहा-बारा दिवसांतून एकदा. मी हे केलं नव्हतं. पुलावर चढताना पळायचे आणि उतरताना दम खात चालायचे. आता उलटं करते, चढ चालत आणि उतार पळत. घरी ओट्याच्या पायरीवर एका पायाने उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश खाली टेकवायचा, प्रत्येक पायाने पंधरा वेळा. स्वयंपाक करता करता होतं.

शक्य असेल तर स्पर्धेच्या महिनाभर आधी एक रविवार परतवाड्याच्या पुढे घाटात काढा. परतवाडा ते चिखलदरा रस्ता साधारण ३० किलोमीटरचा. पूर्ण नको, त्यातला एखादा टप्पा पुरे. गाडीने वर जा, आठ-दहा किलोमीटर उतरत पळा, गाडी खाली येईल. समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने पळा, अंगात भडक रंगाचा शर्ट घाला. आंधळ्या वळणावर कानात गाणी नकोत, एसटीचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. हा परिसर मेळघाटातला आहे. वाघाचं नाव सगळे घेतात, पण अंधारात अचानक समोर आलेलं अस्वल जास्त वाईट. त्यामुळे उजाडल्यावर, सोबत घेऊन आणि वाहतुकीच्या रस्त्यानेच पळा. जंगलात आत जाणाऱ्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.

जोराचा शेवटचा उतार-सराव स्पर्धेच्या दोन आठवडे आधी संपवा.

६. पोटाची तालीम

लांब पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यातून २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. मी अर्धं केळ, गुळाचा खडा आणि खजूर यांवर भागवते. पळताना चोखायच्या गोड जेलची पाकिटं मला ओकारी आणतात, तुम्हाला चालत असतील तर घ्या. संत्र्याची लालूच आवरा. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याइतकं गोड दुसरं काही नाही हे मान्य, पण धावत्या पोटात ते आंबट होतं. संपल्यावर चार खा.

पाण्यात १ लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. तहान लागेल तसं प्या, वाटेत पाण्याची टेबलं मांडलेली असतात, तिथे दर टेबलावर ग्लास रिचवू नका. नुसतं पाणी फार प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. सुरुवातीलाच दुखण्याची गोळी घेऊन पळायची एक वाईट खोड अनेकांना असते. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा घाम गाळणाऱ्या शरीरात मूत्रपिंडावर ताण पडतो. घेऊ नका.

७. आदला दिवस

घाटाच्या वळणांत लेकरं ओकतात, म्हणून सकाळी निवांत निघा. पोचल्यावर घरच्यांना पॉइंट दाखवायचेत ते गाडीने दाखवा, देवी पॉइंट, पंचबोल. गाविलगड त्या दिवशी अजिबात नको. किल्ला अवाढव्य आहे, "थोडंसं आत जाऊन येऊ" म्हणता म्हणता दोन तास पायपीट होते. घरच्यांना जायचंच असेल तर जाऊ द्या, तुम्ही खोलीवर पाय वर करून पडा. चिखलदऱ्याची रबडी डोळ्यांसमोर नाचेल. एक चमचा, बस. रात्री वरण-भात. ठेचा आणि तर्रीवाला रस्सा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवा.

पायाची नखं दोन दिवस आधीच कापलेली असू द्या. उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आदळतात आणि नखं काळी पडतात. नाडी वरच्या शेवटच्या भोकातून ओवून टाच पक्की बांधा. बूट जुने, सवयीचेच हवेत.

घरचे कुठे उभे राहणार ते कागदावर लिहून द्या. घाटात मोबाइलला रेंज असेलच असं धरू नका. माझा नवरा एका वळणावर तासभर केळी घेऊन उभा होता आणि मी दुसऱ्याच वळणावर त्यांना शोधत होते.

८. पळताना

चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर, म्हणजे अमरावतीपेक्षा ४-५ अंश थंड, आणि हिवाळ्यात पहाटे दात वाजतात. जुना स्वेटर घालून उभे राहा, निघताना नवऱ्याच्या हातात द्या. या उंचीवर हवा विरळ झाल्याचा त्रास सहसा होत नाही. दम लागतो तो चढाचा.

चढावर घड्याळ विसरा. पावलं आखूड, हात हलते, नजर दहा-पंधरा पावलांपुढे. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर चालायला लागा. पुढच्या अर्ध्या किलोमीटरवर कळतं की पळणारे फार लांब गेलेलेच नाहीत.

पहिल्या उतारावर सगळे सुसाट सुटतात. मीही सुटले होते, पाच-पाच मिनिटांचे किलोमीटर पडत होते आणि वाटलं, आपण जन्मजात पहाडी. तिसावा किलोमीटर संपता संपता मांड्या लाकडाच्या झाल्या. उतारावर पावलं आखूड आणि भराभर टाका, गुडघा किंचित वाकलेला, टाच पुढे रोवून ब्रेक मारू नका, अंग मागे झुकवू नका. गरम तव्यावरून चालल्यासारखं हलकं. सुरुवातीच्या उतारांवर जितकं सहज जमतंय त्यापेक्षा थोडं हळूच पळा.

९. संपल्यावर

लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. ओले कपडे तिथल्या तिथे बदला, वर वारा बोचरा असतो. तासाभराच्या आत खाऊन घ्या. आमच्या सासूबाईंनी निघतानाच गोवऱ्या आणि कणीक गाडीत टाकली होती. नवऱ्याने रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. सहा तास कोणासाठी उभं राहावं लागलं याचा राग तिथेच विरला.

त्या दिवशी घाटात गाडी तुम्ही चालवू नका. ब्रेकवर पाय असताना पोटरीत गोळा आला तर काय होईल?

दुसऱ्या दिवशी सेमाडोहची जंगल सफारी ठेवा. त्यात बसून राहायचं असतं, लेकरं खूश आणि आपल्या पायांना काम नाही. कोलकासला सिपना नदीच्या काठीही नुसतं बसता येतं.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सफारीच्या पहाटे जिना उतरताना एकेक पायरी म्हणजे मांडीत सुरा. मग एक युक्ती सापडली, कठड्याला धरून उलटं उतरायचं, तोंड जिन्याकडे. उलटं उतरताना पुढच्या मांडीवर भार बराच कमी येतो. मी तशी उतरत होते, खाली सासूबाई शाल पांघरून उभ्या. "आता हे काय नवीन काढलं वं?" म्हणाल्या, आणि मग हसत हात पुढे केला.