सुगंधी शेव्हिंग क्रीमची तुलना कशी करावी

सुगंधी शेव्हिंग क्रीमची पारख दुकानात झाकण उघडून हुंगल्याने होत नाही, कारण ब्रशने फेस केल्यावर लिंबासारखे हलके सुगंध लवकर उडून जातात, तर चंदनासारखे सुगंध चेहऱ्यावर रेंगाळतात. म्हणून प्रत्येक क्रीम फेसातच तपासावे: तेवढेच क्रीम, तोच ब्रश, तशाच प्रकारचे ब्लेड आणि एका दिवशी एकच क्रीम.

पाण्याकडे मात्र सर्वाधिक लक्ष द्यावे. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील अनेक संकुलांत नळाच्या पाण्याला टँकरची किंवा बोअरवेलची जोड असते. ते पाणी क्षारयुक्त असल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम क्रीममधील साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, आणि उत्तम क्रीमचाही फेस विरळ होऊन लवकर बसतो. अशा वेळी क्रीमला दोष देण्यापूर्वी एकदा आरओच्या पाण्यात फेस करून पाहावा.

सुगंधाचा विचार त्यानंतर. प्रोरासो या इटालियन ब्रँडच्या हिरव्या ट्यूबमधील निलगिरी व मेन्थॉलचा गारवा मे महिन्यातील दमट उकाड्यात सुखावतो खरा, पण त्याखाली बारीक जळजळ लपू शकते. त्यामुळे ब्लेड किती सहज सरकते हे मी मेन्थॉल नसलेल्या क्रीमवरच ठरवतो. सुगंधी द्रव्यांतील लिमोनिन व लिनालूल काहींच्या त्वचेला सोसत नाहीत, म्हणून नवे क्रीम आधी कोपराच्या आतील बाजूस लावून, काही मिनिटांनी धुऊन, एक-दोन दिवस लक्ष ठेवावे. तुलनेच्या दिवसांत सुगंधी आफ्टरशेव्ह टाळावा, अन्यथा मागे उरलेला वास कोणाचा हे कळत नाही.