पाण्याचे सिक्वेन्सिंग कशाला? मायक्रोबायोमच्या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मायक्रोबायोम म्हणजे एखाद्या जागी राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा सगळा समुदाय, आणि सिक्वेन्सिंग म्हणजे त्यांच्या डीएनएची अक्षरे क्रमाने वाचणे. १६एस या जिवाणूंची ओळख पटवणाऱ्या जनुकाचे तुकडे कसे वाढवतात आणि वाचलेल्या तुकड्यांचे विश्लेषण करणारे क्वाइम-२ हे सॉफ्टवेअर कसे चालवतात, हे तुम्हाला येते असे मी गृहीत धरतो. मी लिहितो आहे ते एका कोऱ्या नळीविषयी, जी मी लावली नाही आणि त्यापायी माझ्या पीएचडीचे जवळजवळ एक वर्ष गेले.

माझा विषय टोमॅटोच्या खोडाच्या आत राहणारे जिवाणू हा होता. नारायणगावच्या परिसरातील शेतांतून निरोगी आणि मर लागलेली, अशी दोन्ही प्रकारची झाडे आणून मी खोडाचे तुकडे वरून निर्जंतुक केले आणि किटने, म्हणजे द्रावणांच्या तयार संचाने, डीएनए काढला. किट महाग असल्यामुळे निरोगी झाडे पहिल्या किटमध्ये आणि मर लागलेली झाडे तीन महिन्यांनी आलेल्या दुसऱ्या किटमध्ये संपवली. ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी निर्जंतुक पाणी घालून त्याच द्रावणांतून नेलेली नळी, लावावी का असे विचारले तेव्हा "पाण्याचे सिक्वेन्सिंग करायला पैसे कशाला घालवायचे?" असे उत्तर मिळाले आणि मलाही ते पटले.

निकालात निरोगी झाडांमध्ये राल्स्टोनिया हा जिवाणू भरभरून दिसला. टोमॅटोचा जिवाणूजन्य मर रोग राल्स्टोनिया सोलानासिएरममुळे होतो, त्यामुळे रोगजंतू निरोगी झाडात लपून बसतो, असा शोध लागल्याच्या आनंदात मी सहा महिने वावरलो. एका परिसंवादात माझ्या पोस्टरसमोर उभ्या राहिलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढेच विचारले, "ब्लँक कुठे आहे?"

उरलेल्या द्रावणांतून मी ब्लँक केला. डीएनए आहे का हे डोळ्यांनी दाखवणाऱ्या जेलवर पट्टी उमटली नाही, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, आणि तिथेही चुकलो; कारण जेलला न दिसणारा डीएनए सिक्वेन्सिंगला दिसतो. पाण्यातून हजारो रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) आले आणि त्यांत राल्स्टोनिया, ब्रॅडीरायझोबियम आणि स्यूडोमोनास हीच मंडळी बसलेली होती. किटच्या द्रावणांत आणि प्रयोगशाळेच्या पाण्यात अशा जिवाणूंचा डीएनए सूक्ष्म प्रमाणात असतोच. वनस्पतींवर काम करणाऱ्याची पंचाईत अशी की हीच नावे माती-मुळांमध्येही खरोखर आढळतात, त्यामुळे यादी पाहून शंका येत नाही. शिवाय १६एसच्या आखूड तुकड्यावरून राल्स्टोनियाची नेमकी जाती खात्रीने सांगता येत नाही. ती मीच मनाने लावली होती.

हा सापळा नमुन्यात मुळात किती जिवाणू आहेत यावर अवलंबून असतो. एक ग्रॅम विष्ठेत सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात आणि गाईच्या कोटीपोटातील द्रवातही दाटी तशीच असते. तिथे किटमधला कचरा समुद्रात पेलाभर पाणी ठरतो. खोडाचा रस, रक्त किंवा गाईच्या निरोगी सडातील (आचळातील) दूध यांत मात्र कचराच बहुमतात येतो. २०१४ साली सॉल्टर आणि सहकाऱ्यांनी साल्मोनेला बोंगोरीचे शुद्ध संवर्धन टप्प्याटप्प्याने दहापट सौम्य करून तीन प्रयोगशाळांत सिक्वेन्स केले, तेव्हा नमुना जसजसा विरळ झाला तसतसा साल्मोनेला मागे पडून भलतेच जिवाणू वर आले. गर्भवतीच्या वारेत (प्लासेंटात) कायमचे जिवाणू असतात, हा २०१४ सालीच गाजलेला दावाही पुढे २०१९ मध्ये मोठ्या तपासणीत टिकला नाही. म्हणजे यात फसणारे आपण एकटे नाही.

माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट होती. निरोगी आणि रोगट झाडे वेगवेगळ्या किटमध्ये गेल्यामुळे आलेखातील सुंदर फरक झाडांचा की किटचा, हे कोणतेही संख्याशास्त्र सांगू शकत नव्हते. नमुने मिसळून, चिठ्ठ्या टाकून, प्रत्येक फेरीत दोन्ही प्रकार आणि किमान एक ब्लँक, हे पहिल्या दिवशी ठरवावे लागते. नंतर ते जमत नाही, आणि जमेल असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. बाहेरच्या कंपनीकडून रंगीत पट्ट्यांचे आलेख घेऊन थेट शोधनिबंध लिहायला बसणे, हा तर माझ्या मते संशोधनाचा प्रकारच नव्हे. आणि गाइड निवडताना त्यांच्या निबंधांची संख्या विचारू नका. त्यांच्या विद्यार्थ्याच्या वहीत ब्लँकची नोंद आहे का, तेवढे पाहा.

तरी घाबरून विषय सोडू नका. मला वाचवले ते वहीतील एका कंटाळवाण्या रकान्याने: प्रत्येक नमुन्याच्या डीएनएची तीव्रता, म्हणजे ठरावीक द्रावणात डीएनए किती, ती मी लिहून ठेवली होती. डीकॉन्टॅम हे आर या संख्याशास्त्राच्या संगणकीय भाषेतील पॅकेज ब्लँक नसतानाही त्या आकड्यांवरून संशयित ओळखू शकते, कारण डीएनए जितका कमी, तितका बाहेरच्या जिवाणूंचा वाटा जास्त. राल्स्टोनिया त्या रेषेवर अगदी नेमका बसला. त्यानंतर शेतातून नवी झाडे आणली, खोडाचा रस प्लेटवर पसरून जे उगवले तेवढ्याचीच ओळख पटवली आणि दोन्ही प्रकार एकाच किटमध्ये लावले. प्रबंधातील तक्ता एका पानावरून अर्ध्या पानावर आला. त्याच्या शेवटच्या रकान्यात आता पाणी आहे, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न त्याच रकान्यावर विचारला.