तासांचा हिशेब ऑर्ग-मोडमध्ये कसा ठेवावा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर येथील लहान कारखान्यांसाठी मी फिक्श्चरची (यंत्रावर काम चालू असताना भाग पक्का धरून ठेवणाऱ्या चौकटीची) ड्रॉइंग तासांच्या दराने करून देतो. या धंद्यात कोणत्या कामावर किती वेळ गेला हे ठाऊक असावेच लागते आणि महिनाअखेरीस नेमके तेच आठवत नाही. डायरीत हिशेब ठेवत होतो तेव्हा मूळ ड्रॉइंगचे तास लिहिले जात, परंतु ‘तेवढे भोक दोन मिलिमीटर सरकवा’ असा फोन आल्यावर केलेल्या करेक्शनची नोंद कुठेच नसे. बिलातून नेहमी तेच तास गळत. म्हणून खाली दिलेली पद्धत करेक्शनचा वेळ पकडण्यासाठी आहे, दिवसाचा प्रत्येक मिनिट मोजण्यासाठी नाही.

यासाठी लागणारे ऑर्ग-मोड, म्हणजे नोंदी आणि वेळ टिपण्याची सोय, हा ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या मोफत प्रोग्रामचाच भाग आहे. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने ते २००३ मध्ये लिहिले. त्यातील सर्व माहिती साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहते, त्यामुळे दहा वर्षांनी ती कोणत्याही संगणकावर उघडता येईल. शिकायला मात्र ते सोपे नाही. पहिला आठवडा बोटे अडखळतील, हे धरून चालावे.

प्रथम एक फाइल तयार करून ओळीच्या आरंभी एक तारका देऊन पार्टीचे (ग्राहकाचे) नाव लिहावे, दोन तारका देऊन जॉबचे नाव लिहावे, आणि तीन तारकांखाली ‘मूळ ड्रॉइंग’, ‘करेक्शन’ व ‘व्हिजिट’ अशी वेगळी शीर्षके करावीत. ही विभागणी पहिल्याच दिवशी करावी, कारण एकाच शीर्षकाखाली साचलेल्या नोंदी नंतर निवडून वेगळ्या करणे म्हणजे तांदळातले खडे वेचण्यासारखे आहे. काम सुरू करताना कर्सर योग्य शीर्षकावर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आय या कळा ओळीने दाबाव्यात, आणि थांबताना शेवटची कळ कंट्रोल-ओ ही घ्यावी. शीर्षकाखाली ‘लॉगबुक’ नावाचा कप्पा तयार होतो आणि त्यात अशी नोंद पडते (फाइलमध्ये ती रोमन लिपीत असते):

क्लॉक: [२०२४-०७-१६ मंगळ १०:०५]--[२०२४-०७-१६ मंगळ ११:३०] => १:२५

मध्येच दुसऱ्या पार्टीचा फोन आला तर पहिले घड्याळ बंद करण्याची गरज नसते. दुसऱ्या शीर्षकावर घड्याळ सुरू केले की पहिले आपोआप थांबते, आणि फोन संपल्यावर कंट्रोल-यू दाबून मग सुरू करण्याच्या त्याच कळा दाबल्या की अलीकडच्या कामांची यादी समोर येते. चुकून सुरू केलेले घड्याळ कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स, कंट्रोल-क्यू या कळांनी रद्द होते. वेळ चुकीची पडली असेल तर ती ओळ हाताने दुरुस्त करून तिच्यावर कंट्रोल-सी दोनदा दाबावे. बेरीज नव्याने होते.

खरी पंचाईत विसरण्याची आहे. एकदा सकाळी घड्याळ चालू ठेवूनच मी इंदिरानगरहून अंबडला व्हिजिटला गेलो आणि दुपारी परतलो तेव्हा एका साध्या ब्रॅकेटच्या नावावर साडेचार तास जमा झाले होते. यावर उपाय म्हणून ‘ऑर्ग-क्लॉक-आयडल-टाइम’ या सेटिंगला मिनिटांचा आकडा देता येतो. तेवढा वेळ संगणकाला हात लागला नाही तर परत आल्यावर ऑर्ग-मोड विचारणा करते: ‘के’ दाबल्यास किती मिनिटे ठेवायची ते आपण सांगतो, आणि ‘एस’ दाबल्यास रिकामा वेळ वगळून घड्याळ पुढे चालू राहते. येथे एक खोच आहे. विंडोजवर ऑर्ग-मोडला फक्त ईमॅक्समधील हालचाल कळते. आपण तासभर कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या प्रोग्राममध्ये) ड्रॉइंग करीत असलो तरी त्याच्या लेखी आपण जागेवर नसतो. माझ्यासारखे काम असणाऱ्याने हा आकडा १५ ऐवजी ९० ठेवावा, अन्यथा त्या विचारणेचाच वैताग येतो.

वीज गेली आणि संगणक बंद पडला तर अर्धवट नोंद फाइलमध्ये तशीच राहते, परंतु घड्याळ सुरू केल्यावर फाइल साठवली असेल तरच. पुढच्या वेळी घड्याळ सुरू करताना त्या अर्धवट नोंदीचे काय करायचे, हे ऑर्ग-मोड स्वतःहून विचारते.

आठवड्याचा हिशेब पाहण्यासाठी ‘ऑर्ग-क्लॉक-रिपोर्ट’ ही आज्ञा चालवावी. शीर्षकनिहाय वेळेचा तक्ता त्याच फाइलमध्ये उमटतो. त्याच्या पहिल्या ओळीत ‘ब्लॉक’ला ‘धिसवीक’ असे मूल्य दिले की चालू आठवड्यापुरतेच तास दिसतात. ‘मॅक्सलेव्हल’ मुळात २ असते, म्हणून तिसऱ्या पातळीवरची करेक्शन तक्त्यात वेगळी न दिसता जॉबच्या बेरजेत मुरून जातात. तेथे ३ लिहावे आणि त्याच ओळीवर कंट्रोल-सी दोनदा दाबून तक्ता ताजा करावा. बेरीज चोवीस तासांपुढे गेली की ती ‘१ दिवस २:३०’ अशा रूपात येते, जी बिलासाठी निरुपयोगी आहे. त्यासाठी ‘ऑर्ग-ड्युरेशन-फॉरमॅट’ हे सेटिंग बदलून केवळ तास-मिनिटे मागावीत.

शीर्षके मराठीत लिहिणाऱ्यांनी विंडोजचा मराठी कीबोर्ड वापरू नये, कारण तो चालू असताना कंट्रोलच्या आज्ञा नीट पोहोचत नाहीत. ईमॅक्सची स्वतःची ‘देवनागरी-इनस्क्रिप्ट’ पद्धत निवडावी आणि कंट्रोल व उलट्या तिरप्या रेघेची कळ दाबून ती चालू-बंद करावी. तक्त्याचे उभे रकाने मराठी अक्षरांमुळे किंचित वाकडे दिसतात, बेरीज मात्र बरोबर असते.

एवढे अंगवळणी पडले की कंट्रोल-सी, कंट्रोल-एक्स आणि मग नुसते ‘ई’ दाबून प्रत्येक शीर्षकावर अपेक्षित वेळ लिहावा. घड्याळ चालू असताना खालच्या पट्टीत झालेला वेळ आणि अंदाज शेजारी-शेजारी दिसतात, आणि अंदाज ओलांडला की झालेल्या वेळेच्या आकड्यामागचा रंग लाल होतो. माझी मूळ ड्रॉइंग बहुधा अंदाजात बसतात. करेक्शनला मी अर्धा तास धरीत असे आणि पट्टी बहुतेक वेळा लाल होई. आता कोटेशनमध्ये दोन करेक्शन धरून दर देतो, आणि तिसऱ्यापासूनचे तास तक्त्यातील ओळीनुसार बिलात वेगळे लावतो.