व्हिएतनामचा झेंडा शिवायचा आणि तिरंग्याशेजारी लावायचा तर

लाल कापड, मधोमध पिवळा तारा. काम इतकं सोपं दिसतं की टेलर ते तासाभरात उरकतो, आणि नेमका ताऱ्यापाशीच फसतो. अजिंठा-वेरूळच्या निमित्तानं व्हिएतनामी पाहुणे येणार म्हटलं की छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात किंवा कॉलेजात आदल्या दिवशी झेंड्याची शोधाशोध सुरू होते. तिरंग्याची अडचण नसते. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तो तयार करते, कापड उदगीरला विणलं जातं. व्हिएतनामचा झेंडा मात्र शिवून किंवा छापूनच घ्यावा लागतो.

माप ठरवणं सोपं आहे. तिरंग्याची लांबी-रुंदी ३:२, व्हिएतनामच्या झेंड्याचीही तीच. म्हणून तिरंग्याच्या ठरलेल्या मापांपैकी जे वापरणार असाल तेच घ्यायचं: १८०×१२०, १३५×९० किंवा ९०×६० सेंटिमीटर, टेबलावर ठेवायचा असेल तर १५×१०. ऑनलाइन मिळणारे ३×५ फुटांचे झेंडे घेऊ नका. ते माप ५:३ होतं, म्हणजे दोन्ही देशांसाठी चुकीचं. फुटातच घ्यायचा असेल तर २×३ किंवा ४×६ मागा.

आता तारा. नियम असा: ताऱ्याचा मध्य झेंड्याच्या दोन कर्णांच्या छेदावर, मध्यापासून टोकापर्यंतचं अंतर झेंड्याच्या लांबीच्या एक पंचमांश आणि एक टोक सरळ वर. १३५×९० च्या झेंड्याला ही त्रिज्या २७ सेंमी येते. जाड पुठ्ठ्यावर खिळा आणि दोरा वापरून २७ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. माथ्यावर पहिली खूण करा आणि तिथून ३१.७ सेंमीच्या सरळ अंतरानं वर्तुळावर पुढं जात पाच खुणा करा. पाचवीनंतरची सहावी खूण पहिल्यावर बसली पाहिजे. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर दोरा ताणला गेलाय, पुन्हा काढा. मग एक सोडून एक खूण पट्टीनं जोडा. ९०×६० ला त्रिज्या १८ आणि खुणांमधलं अंतर २१.२, १८०×१२० ला ३६ आणि ४२.३.

सगळ्यात जास्त झेंडे बिघडतात ते पुढच्या टप्प्यावर. टेलर तारा कापडावर ठेवतो, वरची आणि खालची मोकळी जागा टेपनं मोजून सारखी करतो आणि म्हणतो, ‘मधोमध आला.’ नाही आला. पाच टोकांच्या ताऱ्याची उंची मध्याच्या वर जास्त आणि खाली कमी असते. १३५×९० च्या झेंड्यात वरच्या टोकापासून वरच्या काठापर्यंत १८ सेंमी आणि खालच्या दोन टोकांपासून खालच्या काठापर्यंत सुमारे २३.२ सेंमी जागा राहिली पाहिजे. दोन्ही सारख्या केल्या की तारा जवळजवळ २.६ सेंमी खाली घसरतो, आणि लांबून झेंडा ओथंबल्यासारखा दिसतो. डाव्या-उजव्या बाजूला मात्र ४१.८-४१.८ असं समान अंतर येतं. पुठ्ठ्याच्या मध्यावर भोक ठेवा, कापडावर खडूनं दोन्ही कर्ण मारा आणि छेदबिंदूवर टाचणी रोवून पुठ्ठा त्याच टाचणीवर बसवा. मग टेपची गरजच पडत नाही.

कापड. १३५×९० साठी ४४ इंच पन्ह्याचं लाल कापड १.६ मीटर आणि पिवळं १.२ मीटर घ्या. पिवळ्याच्या पन्ह्यात दोन्ही बाजूंचे तारे शेजारी-शेजारी बसतात, पण काठ फारसे उरत नाहीत; खबरदारी म्हणून एक वरच्या आणि एक खालच्या अर्ध्यात कापा. कायदा फक्त ‘तेजस्वी लाल’ आणि ‘तेजस्वी सोनेरी पिवळा’ एवढंच सांगतो. म्हणून मरून, भगवा किंवा लिंबू-पिवळा टाळायचा, आणि चकाकणारी जरी किंवा सोनेरी सॅटिनही नको. फोटोत तारा पांढरा येतो. सुती घेतलं तर शिवण्याआधी धुवा. लाल सुती कापड आटतं आणि रंगही सोडतं. एक तुकडा पांढऱ्या रुमालात गुंडाळून अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. रुमाल गुलाबी झाला तर ते कापड परत करा, नाहीतर पहिल्या पावसात तारा नारिंगी होईल. बाहेर महिनाभर लावायचा असेल तर पॉलिस्टर बरं. एप्रिल-मेच्या आपल्याकडच्या उन्हात सुती लाल लवकर विटतं.

लाल कापड १४०.५×९४ सेंमी कापा. वर-खाली एक-एक सेंमीची दुहेरी दुमड, फडकणाऱ्या बाजूला दोन सेंमीची दुहेरी दुमड आणि तिथं शिलाईच्या तीन ओळी, कारण झेंडा पहिल्यांदा याच काठाला फाटतो. काठीकडची दीड सेंमी बाजू पांढऱ्या जाड कापडाच्या नेफ्यात जाते. नेफा १३५ च्या बाहेर धरायचा; आत धरला तर ताऱ्याचा मध्य सरकतो.

तारा दोन्ही बाजूंनी हवा आणि दोन्ही तारे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत, हा व्हिएतनामचाच नियम आहे. पुढचा तारा टाचा, पाच टोकं आणि मध्य अशा सहा ठिकाणी टाचण्या आरपार घाला, मागचा तारा त्याच टाचण्यांवर बसवा, मग धावदोरा. पिवळ्यातून लाल झाक दिसत असेल तर दुसरा तारा लावण्याआधी मधलं लाल कापड शिलाईच्या एक सेंमी आतून कापून टाका. पिवळ्याचा उभा धागा झेंड्याच्या उभ्या बाजूला समांतर ठेवा, कारण ताऱ्याच्या तिरक्या कडा ओढल्या की चुण्या पडतात. टोकं ३६ अंशांची, फार निमुळती. तिथं दुमड घातली की गोळा होऊन टोक बोथट होतं. त्यापेक्षा फ्यूजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवा आणि कडेनं तीन मिलिमीटरचं दाट झिगझॅग मारा. वरचा आणि बॉबिनचा दोन्ही धागे पिवळे.

छापून घेणार असाल तर छपाईवाल्याला तयार चित्र न देता मापं द्या. ताऱ्याच्या बाजू सरळ रेषेत हव्यात. जुन्या फोटोंत तारा थोडा फुगीर दिसतो, तो १९५५ पूर्वीचा. ३० नोव्हेंबर १९५५ च्या आदेशानं तो सरळ झाला.

हा झेंडा पहिल्यांदा दिसला २३ नोव्हेंबर १९४० च्या दक्षिणेतल्या, फ्रेंचांविरुद्धच्या उठावात. रेखाटला कुणी यावर व्हिएतनाममध्येच वाद आहे. बहुतेक जण न्गुयेन हुउ तिएन यांचं नाव घेतात, काही ले क्वांग सो यांचं. त्यामुळे कार्यक्रमाच्या निवेदनात एकच नाव ठासून सांगू नका. २ सप्टेंबर १९४५ ला हो ची मिन्ह यांनी हनोईच्या बा दिन्ह चौकात स्वातंत्र्य जाहीर केलं, ५ सप्टेंबरला झेंड्याचा आदेश काढला आणि २ जुलै १९७६ ला तो एकत्र झालेल्या देशाचा झेंडा ठरला. ताऱ्याची पाच टोकं म्हणजे विद्वान, शेतकरी, कामगार, व्यापारी आणि सैनिक, असा अर्थ लावतात. आपण १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी झेंडा फडकवतो तसे ते २ सप्टेंबरला घरोघरी लावतात. शिवणकामाचा कस लागला तो हिएन लुओंग पुलावर. देशाची उत्तर आणि दक्षिण अशी फाळणी झाल्यावर हा पूल सीमेवर आला, पुलाच्या दोन टोकांना दोन्ही बाजूंनी काठ्या उंच करण्याची चढाओढ लागली आणि १९६२ मध्ये उत्तरेनं ३८.६ मीटरच्या काठीवर १३४ चौरस मीटरचा झेंडा चढवला.

दक्षिणेचा तेव्हाचा झेंडा पिवळा, त्यावर तीन लाल आडवे पट्टे. इंटरनेटवर ‘व्हिएतनाम’ शोधल्यावर तोही येतो, आणि परदेशी स्थायिक झालेले बरेच व्हिएतनामी तो आजही जपतात. पण हनोईहून आलेल्या सरकारी पाहुण्यांपुढं तो लागला तर सगळ्या स्वागतावर पाणी. तीच गत चीनच्या झेंड्याची: त्यात मोठा तारा कोपऱ्यात आणि शेजारी चार छोटे असतात.

लावताना भारतीय ध्वजसंहिता पाळायची. दोन वेगळ्या काठ्या, उंची सारखी, झेंडे जवळपास एकाच मापाचे. प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिलं तर तिरंगा उजवीकडं, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडं. तिरंगा आधी चढवायचा आणि शेवटी उतरवायचा. काठ्या एकमेकांवर तिरक्या लावल्या तर तिरंगा त्याच बाजूला आणि त्याची काठी पुढं. सरकारी गाडीवर तिरंगा उजवीकडं, पाहुण्यांचा डावीकडं. अनेक देश असतील तर भारतानंतर इंग्रजी नावांच्या वर्णक्रमानं. बौद्ध परिषदेत हमखास घोळ होतो तो इथंच: यादी मराठीत केली की जपान, थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका असा क्रम लागतो. बरोबर क्रम जपान, श्रीलंका, थायलंड, व्हिएतनाम. मंत्री किंवा राजदूत येणार असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचार शाखेला आराखडा आधी दाखवा.

या झेंड्याला उलट-सुलट बाजू नाही, पण वर-खाली आहे. ताऱ्याची दोन टोकं वर आली म्हणजे झेंडा उलटा लागला. नेफ्याच्या वरच्या टोकालाच लाकडी खुंटी शिवा, म्हणजे दोरी बांधणारा चुकणार नाही. भिंतीवर उभा टांगायचा मोह टाळा, तारा आडवा पडतो.

दुखवट्याची पद्धत दोन्ही देशांत वेगळी आहे. आपल्याकडं तिरंगा अर्ध्यावर आणतात. व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय दुखवट्याला झेंडा काठीच्या दोन तृतीयांश उंचीवर ठेवतात आणि काळ्या पट्टीनं बांधतात, तो फडकता कामा नये. पट्टीची रुंदी झेंड्याच्या रुंदीच्या एक दशांश आणि लांबी झेंड्याएवढी, म्हणजे आपल्या मापाला ९×१३५ सेंमी.

कार्यक्रम संपल्यावर दोन्ही झेंडे एकाच पिशवीत कोंबू नका. दमट राहिलेला लाल झेंडा तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर डाग सोडतो. सावलीत वाळवा आणि पांढऱ्या सुती कापडात वेगवेगळे गुंडाळून ठेवा.